विश्लेषण : पुण्याच्या महामार्गावर आणखी एक मजला, पण खालच्या रस्त्याचे काय?

नवले पुलाजवळच्या जीवघेण्या अपघातांनंतर रावेत ते नऱ्हे उन्नत मार्गाची मागणी जोर धरू लागली आहे. देहूरोड-कात्रज बाह्यवळण महामार्गाची पुनर्बांधणी गरजेची आहे, यात वाद नाही. वाद आहे तो कोणते काम आधी करायचे आणि कोणासाठी करायचे, याचा.

सातारा बाजूने येणारा एक कंटेनर १३ नोव्हेंबर २०२५ रोजी सायंकाळी कात्रजचा नवीन बोगदा ओलांडून उतार उतरत असताना अनियंत्रित झाला. पुढच्या वाहनांना चिरडत तो थांबला तेव्हा दोन अवजड वाहनांमध्ये सापडलेल्या मोटारीसह वाहनांनी पेट घेतला होता. आठ जणांचा मृत्यू झाला. त्याच्या तीन वर्षे आधी, २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री, याच भागात एका अवजड वाहनाने सुमारे ४८ वाहनांना धडक दिली होती. प्रत्येक मोठ्या अपघातानंतर पाहणी दौरे होतात, वेगमर्यादा खाली येते, कॅमेरे बसतात आणि महामार्गाच्या कायमस्वरूपी उपायाची चर्चा सुरू होते. या चर्चेत सध्या सर्वाधिक बोलबाला उन्नत मार्गाचा आहे.

बाह्यवळण शहराच्या मधोमध कसे आले?

मुंबई-बंगळूरु वाहतूक पुण्याच्या पेठांमधून, स्वारगेट-कात्रजमार्गे जाऊ नये म्हणून शहराच्या पश्चिमेला हा बाह्यवळण रस्ता काढण्यात आला. तेव्हा तो डोंगर, नाले आणि शेतांमधून जात होता. पुढे सुवर्ण चतुष्कोन योजनेत तो चौपदरी झाला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाल्यावर किवळ्याजवळ त्याची वाहतूकही याच रस्त्याला येऊन मिळू लागली. देहूरोड ते सातारा या १४० किलोमीटरच्या टप्प्याचे सहापदरीकरण २०१० मध्ये सुरू झाले. त्याच्या मुदती एकामागून एक उलटत गेल्या. आज हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ४८ चा भाग आहे.

याच काळात शहर रस्त्याला येऊन भिडले आणि त्याच्या पलीकडेही गेले. बाणेर, बालेवाडी, वारजे ही गावे १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आली. आंबेगाव २०१७ मध्ये, तर नऱ्हे, सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक २०२१ मध्ये आले. पिंपरी-चिंचवडच्या बाजूने वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत भरत गेले. हिंजवडीतील माहिती-तंत्रज्ञान उद्यानाने वाकडच्या चौकाला रोजच्या गर्दीचे ठिकाण करून टाकले. परिणामी ज्या रस्त्याने शहर टाळायचे होते, तोच कोथरूडहून हिंजवडीला, सिंहगड रस्त्याहून बाणेरला आणि कात्रजहून वाकडला जाण्याचा मुख्य रस्ता झाला. नाव बाह्यवळण राहिले, काम मात्र शहरातल्या हमरस्त्याचे सुरू झाले.

एकाच रस्त्यावर दोन रस्ते, म्हणजे काय?

या महामार्गावर दोन प्रकारची वाहतूक एकत्र वाहते. पहिली थेट वाहतूक. मुंबईच्या बंदरांतून, चाकण-तळेगावच्या कारखान्यांतून कोल्हापूर-बंगळूरुकडे जाणारे कंटेनर, ट्रक, आंतरराज्य बस. यांना पुण्यात उतरायचे नसते. दुसरी स्थानिक वाहतूक. चार-पाच किलोमीटरसाठी महामार्गावर चढून पुढच्या चौकात उतरणाऱ्या दुचाकी, रिक्षा, मोटारी, शाळेच्या बस, टँकर आणि पीएमपीच्या गाड्या. पहिलीला अखंड वेग हवा असतो, दुसरीला वारंवार आत-बाहेर करण्याची सोय हवी असते.

स्थानिक वाहतुकीने खरे तर सेवा रस्त्यावरून जायला हवे. पण सेवा रस्ता सलग असेल तरच ते शक्य आहे. मुठा-मुळेवरचे पूल, डोंगराचे कटाव, न झालेले भूसंपादन, अतिक्रमणे आणि मध्येच संपणारे तुकडे यांमुळे सेवा रस्ता जिथे तुटतो तिथे दुचाकीस्वाराला महामार्गावर यावेच लागते. मग ताशी २० किलोमीटर वेगाने आत शिरणारी दुचाकी आणि ६० ने येणारा ट्रक एकाच मार्गिकेत येतात. रस्ता मोकळा असताना एका मार्गिकेतून तासाला साधारण दोन हजार मोटारी जाऊ शकतात. पण दर काहीशे मीटरवर वाहने आत-बाहेर होऊ लागली, की मागच्यांना ब्रेक लावावे लागतात आणि ही क्षमता झपाट्याने घसरते. या महामार्गावर कोंडी रस्त्याच्या सरळ भागापेक्षा जोडरस्त्यांच्या तोंडाशी आधी सुरू होते, त्याचे कारण हेच आहे.

तिसरा घटक आराखड्यात बहुधा दिसत नाही. तो म्हणजे पायी चालणारा. वाकड, चांदणी चौक, वारजे, नवले पूल या ठिकाणी कोल्हापूर, सातारा, बंगळूरुकडे जाणाऱ्या खासगी बस प्रवासी घेतात. बॅगा घेऊन उभे राहिलेले हे प्रवासी, रस्त्यापलीकडच्या वसतिगृहात राहणारे विद्यार्थी आणि सोसायट्यांत कामाला येणाऱ्या महिला रोज महामार्ग ओलांडतात. त्यांच्यासाठी अधिकृत जागा जवळ नसेल तर दुभाजकाची फट शोधली जाते.

अपघात नवले पुलाच्या परिसरातच का होतात?

नवीन बोगद्यातून बाहेर पडल्यावर दरी पूल, स्वामिनारायण मंदिर, नऱ्हे आणि नवले पूल असा सलग उतार आहे. घाटातला उतार असतो तसा तो डोळ्यांना जाणवत नाही. रस्ता रुंद आणि बऱ्यापैकी सरळ आहे, त्यामुळे चालकाला तो सपाट वाटतो. वजनदार वाहनाला मात्र तो तसा नसतो. भौतिकशास्त्राचा साधा हिशेब असा, की वाहन १४ मीटर उंची उतरले की ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारे वाहन पूर्ण थांबवण्याइतकी ऊर्जा ब्रेकना पेलावी लागते. सलग उतारावर केवळ ब्रेक दाबत राहिल्यास ही ऊर्जा उष्णतेत बदलते, ब्रेक तापतात आणि त्यांची पकड सुटत जाते.

म्हणून उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनाचा रोध वापरणे हा अवजड वाहनांचा पहिला नियम आहे. पण डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून किंवा थेट इंजिन बंद करून सोडण्याची सवय अनेक चालकांना आहे. २०२२ च्या अपघातात ब्रेक निकामी झाले नव्हते, उतारावर इंजिन बंद केले गेले होते, असे प्राथमिक तपासातून पुढे आले होते. इंजिन बंद असताना हवेच्या ब्रेकना हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही थांबतो. साठ्यातली हवा संपेपर्यंत ब्रेक लागतात, पुढे लागत नाहीत. शिवाय आधुनिक डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला तर इंधनपुरवठा तात्पुरता थांबतोच. म्हणजे ज्या बचतीसाठी हा धोका पत्करला जातो ती बचत नगण्य किंवा मुळातच नसते.

मात्र सगळा दोष चालकावर टाकून रस्ता बांधणारे मोकळे होऊ शकत नाहीत. उताराच्या वरच्या बाजूला चालक चुकतो आणि त्याची किंमत उताराच्या तळाशी थांबलेले लोक मोजतात, कारण नेमके तिथेच सेवा रस्त्याची, नऱ्हे-वडगावची आणि बसथांब्यांची गर्दी महामार्गावर आलेली असते. उतार आणि गर्दी या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी असत्या तर एवढी जीवितहानी झाली नसती. वेगमर्यादा कमी करण्याचा उपाय योग्यच आहे. वेग निम्मा झाला की धडकेची ऊर्जा एक चतुर्थांश होते. पण ती मर्यादा उताराच्या माथ्यापासून पाळली गेली तरच उपयोग होतो. तळाशी कॅमेरा लावून तापलेले ब्रेक थंड होत नाहीत.

चांदणी चौकाने काय शिकवले?

या महामार्गाच्या पुनर्बांधणीचा सर्वांत मोठा प्रयोग चांदणी चौकात झाला. कोथरूड, पौड, बावधन, पाषाण आणि महामार्ग यांना जोडणाऱ्या या चौकात जुन्या पुलाखालून महामार्गाच्या मोजक्याच मार्गिका जात. पूल अरुंद असल्याने दोन्ही बाजूंनी रस्ता रुंद करूनही मधली मान आवळलेलीच राहत होती. ऑगस्ट २०१७ मध्ये प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. भूसंपादनात वर्षे गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचा ताफा या कोंडीत अडकला, नागरिकांनी त्यांच्यापुढे गाऱ्हाणे मांडले आणि यंत्रणा हलली. २ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर स्फोटकांनी पूल पाडण्यात आला. १२ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते नव्या रचनेचे उद्घाटन झाले. रॅम्प, जोडरस्ते आणि सेवा रस्ते मिळून सुमारे १७ किलोमीटरच्या या कामाचा खर्च ८६५ कोटी रुपये सांगितला गेला.

महामार्गावरची रांग तिथे कमी झाली, हे मान्य करायला हवे. पण उद्घाटनानंतर दोन तक्रारी लगेच पुढे आल्या. कोणता रॅम्प कुठे जातो हे फलकांवरून कळत नव्हते, चुकले की मोठा वळसा पडत होता. आणि बसमधून उतरलेल्या माणसाने महामार्ग कुठून ओलांडायचा, याचे उत्तर नव्हते. पादचारी पुलाची चर्चा चौक खुला झाल्यावर सुरू झाली. शेकडो कोटींच्या प्रकल्पात पादचाऱ्याची सोय सर्वांत स्वस्त असते आणि तीच शेवटी आठवते. हा चांदणी चौकाचा पहिला धडा. दुसरा असा, की एका चौकाची मान मोकळी झाली की रांग पुढच्या अरुंद जागी जाऊन उभी राहते. वारजे, बाणेर, वाकड यांचा विचार एकत्र केला नाही तर कोंडी फक्त आपला पत्ता बदलते.

उन्नत मार्गाने कोंडी सुटेल?

उन्नत मार्गाच्या बाजूने सबळ युक्तिवाद आहे. थेट जाणारी वाहतूक वर गेली की दोन प्रवाह खऱ्या अर्थाने वेगळे होतील आणि खालचा रस्ता शहराला मिळेल. रुंदीकरणासाठी दोन्ही बाजूंना जागा उरलेली नाही, हेही खरे. पण हा युक्तिवाद एका आकड्यावर उभा आहे. तो म्हणजे महामार्गावरच्या शंभर वाहनांपैकी किती वाहने पुण्यात न थांबता पुढे जातात. हा वाटा मोठा असेल तर उन्नत मार्ग उपयोगी पडेल. बहुतांश वाहने मधल्या चौकांत चढ-उतार करणारी असतील तर वरचा रस्ता मोकळा आणि खालचा तुंबलेला, असे चित्र दिसेल. मग मध्येमध्ये रॅम्प देण्याची मागणी होईल आणि प्रत्येक रॅम्पच्या पायथ्याशी आजचीच आत-बाहेर पुन्हा सुरू होईल. म्हणून वाहने कुठून येतात आणि कुठे जातात याचे सर्वेक्षण प्रकल्प अहवालाच्या पहिल्या पानावर हवे आणि ते नागरिकांना वाचता यायला हवे.

खांबांचा प्रश्न वेगळाच आहे. उन्नत मार्गाचे खांब मधल्या दुभाजकात उभे राहतात असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात रॅम्प जमिनीवर येतात तिथे दोन्ही बाजूंच्या मार्गिका आक्रसतात आणि त्याची भरपाई सेवा रस्त्याची रुंदी कापून होते. दक्षिणेकडचे टोक तर अधिकच नाजूक आहे. उन्नत मार्ग नऱ्ह्याच्या बाजूला उतारावरच जमिनीला मिळणार असेल, तर बोगद्याकडून येणारा अनियंत्रित ट्रक रॅम्पच्या तोंडाशी थबकलेल्या वाहनांवर येणार नाही, याची खात्री आराखड्यातच दिसायला हवी.

रुंदीकरणाबाबत जगाचा अनुभवही सावध करणारा आहे. अमेरिकेत ह्यूस्टनचा कॅटी फ्रीवे २००८ मध्ये प्रचंड रुंद करण्यात आला. सेवा रस्ते धरून काही ठिकाणी त्याच्या मार्गिका २६ वर गेल्या. काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवासकाळ पुन्हा वाढू लागला. रस्ता मोकळा झाला की लोक घरे आणखी लांब घेतात, टाळलेल्या फेऱ्या करू लागतात आणि जागा पुन्हा भरते. पुण्यात वेगळे काही घडेल असे मानण्याला आधार नाही.

वर्तुळाकार रस्ता झाला की ट्रक आपोआप जातील?

थेट वाहतूक शहराबाहेरून न्यायची असेल तर खरा पर्याय आहे राज्य रस्ते विकास महामंडळाचा पुणे वर्तुळाकार रस्ता. सुमारे १७० किलोमीटरच्या या रस्त्याचा पश्चिम भाग द्रुतगती मार्गावरील उर्से येथून सातारा रस्त्यावरील वरवे बुद्रुकपर्यंत जाणार आहे. तो झाला की मुंबईहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या ट्रकला बाह्यवळण महामार्गावर यायचे कारणच राहणार नाही. साहजिकच प्रश्न पडतो, की ज्या वाहनांसाठी उन्नत मार्ग बांधायचा ती वाहने वर्तुळाकार रस्त्यावर जाणार असतील, तर दोन्ही प्रकल्पांच्या गणितात तीच वाहने दोनदा मोजली जात नाहीत ना?

उलट धोकाही आहे आणि त्याचे उदाहरण टेक्सासमधील ऑस्टिन शहरात आहे. आय-३५ हा महामार्ग तिथे शहराच्या मधून जातो. त्यावरचे ट्रक बाहेरून जावेत म्हणून स्टेट हायवे १३० हा टोलचा बाह्य मार्ग बांधण्यात आला. त्याच्या दक्षिण भागात ताशी ८५ मैल अशी अमेरिकेतली सर्वाधिक वेगमर्यादा देण्यात आली. तरी अनेक ट्रकचालक फुकटच्या, गर्दीच्या आय-३५ वरच राहिले. ट्रकचा टोल काही काळ कमी करूनही फारसा फरक पडला नाही. दक्षिण भाग चालवणाऱ्या खासगी कंपनीने २०१६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. अखेर २०२४ मध्ये ऑस्टिन शहरातला आय-३५ च नव्याने बांधायला घेण्यात आला. सुमारे १३ किलोमीटरसाठी साडेचार अब्ज डॉलरचा अंदाज आहे. लक्षात घेण्याजोगी बाब ही, की १९७० च्या दशकात बांधलेला तिथला वरचा मजला या कामात पाडला जाणार आहे आणि मुख्य मार्गिका जमिनीच्या पातळीखाली नेल्या जाणार आहेत. त्यासाठी शंभराहून अधिक घरे व व्यवसाय हलवावे लागत असल्याने त्या प्रकल्पालाही मोठा विरोध झाला.

पुण्यासाठी यातून निघणारा अर्थ सोपा आहे. वर्तुळाकार रस्ता बांधणे पुरेसे नाही. ट्रकने तो वापरावा यासाठी टोलचे दर आणि शहरातल्या रस्त्यावर अवजड वाहनांना प्रवेशाच्या वेळा यांचा निर्णय आधीच व्हायला हवा. ट्रकमालक किलोमीटर, डिझेल आणि टोल यांची बेरीज करून रस्ता निवडतो. शहराचे भले त्या बेरजेत येत नाही.

मेट्रोचा विचार आत्ताच का करायचा?

पुण्याने याबाबतीत महागडा अनुभव घेतला आहे. विद्यापीठ चौक आणि गणेशखिंड रस्त्यावरचे उड्डाणपूल बांधल्यानंतर साधारण दीड दशकाने, २०२० मध्ये, पाडावे लागले. हिंजवडी-शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गाला त्यांची रचना आडवी येत होती. त्या जागी दुमजली पुलाचे काम सुरू झाले आणि औंध-शिवाजीनगर बाजू खुली व्हायला ऑगस्ट २०२५ उजाडला. मधली पाच वर्षे शहराच्या पश्चिम भागाने रोजच्या कोंडीत काढली. याउलट नागपुरात वर्धा रस्ता आणि कामठी रस्त्यावर एकाच खांबांवर महामार्गाचा पूल आणि त्यावर मेट्रो अशी रचना सुरुवातीपासून ठरवण्यात आली. त्यामुळे एकच रस्ता दोनदा खोदावा लागला नाही.

बाह्यवळण महामार्गाच्या लांबीवर धावणारी मेट्रो आज कुठल्याच मंजूर आराखड्यात नाही. वनाज-चांदणी चौक विस्ताराला जून २०२५ मध्ये, तर नळ स्टॉप-वारजे-माणिकबाग मार्गाला नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. हे मार्ग शहराच्या मध्यातून बाहेर जाणारे आहेत. वारज्याहून वाकडला जाणाऱ्याला त्यांचा थेट उपयोग नाही. शहराला वळसा घालणाऱ्या सार्वजनिक वाहतुकीची कल्पना १९८७ च्या विकास आराखड्यात होती. सुमारे ३६ किलोमीटरचा तो मार्ग कागदावरच राहिला. त्यामुळे या पट्ट्यात राहणाऱ्याला दुचाकी काढण्यावाचून पर्याय नाही. उन्नत मार्गाचे खांब उभे राहण्यापूर्वी त्यावर किंवा त्याखाली स्वतंत्र बसमार्गिका अथवा मेट्रोसाठी जागा राखली नाही, तर आणखी वीस वर्षांनी गणेशखिंडीचीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडेल.

काम सुरू असताना वाहतुकीचे काय?

चालू महामार्ग पुन्हा बांधणे हे रिकाम्या माळावर रस्ता बांधण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. चांदणी चौकात खडक फोडण्यासाठी रात्री अर्धा-अर्धा तास वाहतूक थांबवावी लागली होती. तो एक चौक होता. रावेत ते नऱ्हे हे अंतर वीस किलोमीटरहून अधिक आहे. पत्रे लावून मधल्या दोन मार्गिका घेतल्या तर उरलेला भार सेवा रस्त्यांवर येणार आणि तेच आज तुटक आहेत. पुनावळे, ताथवडे, वाकड येथील अरुंद भुयारी मार्गांमधून आजही सकाळ-संध्याकाळ रांगा लागतात. उन्नत मार्गाच्या कामात त्यांची काय अवस्था होईल, याचा अंदाज तिथे राहणाऱ्यांना आहे. म्हणून सलग सेवा रस्ते आणि रुंद भुयारी मार्ग हे उन्नत मार्गाच्या कामाचे पूर्वतयारीचे टप्पे ठरतात. ते आधी झाले नाहीत तर बांधकामाची वर्षे हीच शहराची सर्वांत वाईट वर्षे असतील.

जबाबदारी नेमकी कोणाची?

महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. दोन्ही बाजूंची शहरे पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची. उरलेला भाग पीएमआरडीएचा. वर्तुळाकार रस्ता राज्य रस्ते विकास महामंडळाचा. बस पीएमपीची. वाहतुकीचे नियमन २०१८ पासून दोन स्वतंत्र पोलीस आयुक्तालयांकडे. सेवा रस्त्यासाठी जागा महापालिकेने घेऊन द्यायची आणि बांधकाम प्राधिकरणाने करायचे, अशी विभागणी झाली की दोघेही एकमेकांच्या पत्राची वाट पाहत राहतात. उन्नत मार्गाला निधी मिळवणे राजकीयदृष्ट्या सोपे असते. त्याचे भूमिपूजन होते, उद्घाटन होते, चित्रफीत निघते. तीनशे मीटरच्या सेवा रस्त्यासाठी चार जागामालकांशी वाटाघाटी करण्याचे कोणतेही उद्घाटन नसते. कामांचा क्रम बिघडतो तो इथेच.

मग क्रम काय असावा?

सर्वप्रथम उताराचा बंदोबस्त. बोगद्याच्या पलीकडेच अवजड वाहनांना थांबवून ब्रेक व वजनाची तपासणी, खालच्या गिअरची सक्ती सांगणारे ठळक फलक, दोन बिंदूंमधल्या सरासरी वेगावर कारवाई आणि नियंत्रण सुटलेल्या ट्रकला बाजूला घेऊन थांबवणारी खडीची चढाची मार्गिका. घाटरस्त्यांवर जगभर वापरले जाणारे हे उपाय उन्नत मार्गाच्या तुलनेत फार थोड्या खर्चात आणि काही महिन्यांत होऊ शकतात. त्यासोबतच खासगी बसचे थांबे मुख्य मार्गिकेवरून हटवून सेवा रस्त्यालगत बांधीव जागेत हलवायला हवेत.

त्यानंतर सलग सेवा रस्ते, रुंद भुयारी मार्ग आणि दर मोठ्या वस्तीजवळ जमिनीच्या पातळीवर किंवा थोड्याशा उतारावर असलेली पादचारी वाट. सहा-सात मीटर उंच पुलाचे जिने वृद्ध माणूस चढत नाही, हे शहरातल्या ओस पडलेल्या पादचारी पुलांनी पुरेसे सिद्ध केले आहे. पुढचा टप्पा वर्तुळाकार रस्त्याच्या पश्चिम भागाचा आणि ट्रकसाठीच्या टोल धोरणाचा. त्यानंतर उरणाऱ्या वाहतुकीचे नव्याने सर्वेक्षण करून उन्नत मार्ग किती लांबीचा, किती मार्गिकांचा आणि सार्वजनिक वाहतुकीसह कसा असावा, हे ठरवता येईल. कदाचित तो संपूर्ण लांबीत लागेल, कदाचित दोन-तीन तुकड्यांतच पुरेल.

या क्रमावर एक आक्षेप रास्त आहे. एवढी वाट पाहायची तर तोवर लोक मरत राहणार का? पण उन्नत मार्गाला आज मंजुरी मिळाली तरी तो वापरात यायला अनेक वर्षे जातील. या काळात नवले पुलाच्या उतारावरून ट्रक उतरतच राहणार आहेत आणि दुभाजकाच्या फटीतून माणसे रस्ता ओलांडतच राहणार आहेत. त्यांचा जीव वाचवणारी कामे जमिनीवरची आहेत, लहान आहेत आणि त्यांच्यासाठी कोणत्याही मोठ्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. चांदणी चौकाची यंत्रणा मुख्यमंत्री कोंडीत अडकल्यावर हलली. नवले पुलाच्या उतारावर आठ जण गेले आहेत. आता कोणी अडकण्याची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही.